कार्यक्रम मूल्यमापनातील गटसुलभन

गटसुलभन म्हणजे एखाद्या गटातील सर्व व्यक्तींना आपले अनुभव व मते मोकळेपणाने मांडता यावीत आणि त्यांतून सामायिक निष्कर्ष काढता यावा, यासाठी चर्चेची केलेली पद्धतशीर आखणी व संचालन. हे काम करणाऱ्या व्यक्तीस सुलभक म्हणतात. आरोग्य, शिक्षण, पाणलोट विकास इत्यादी क्षेत्रांतील कार्यक्रमांचे मूल्यमापन करताना नोंदवह्या व प्रश्नावली यांच्या जोडीला गटसुलभनाची तंत्रे वापरली जातात. लसीकरणाचे सत्र झाले, एवढे नोंदवहीवरून कळते. ते गावठाणात झाले आणि दूरच्या पाड्यावरील बालके त्यास मुकली, हे मात्र पाड्यातील स्त्रियांना विचारल्यावरच समजते.

तंत्रे

केंद्रित गटचर्चा हे यांतील सर्वाधिक प्रचलित तंत्र होय. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत रेडिओच्या श्रोत्यांचा अभ्यास करताना वापरलेल्या मुलाखतपद्धतीत त्याचे मूळ आढळते. साधारणतः सहा ते दहा समान परिस्थितीतील व्यक्ती एकत्र बसवून ठरावीक विषयावर चर्चा घडवली जाते.

या चर्चेतील मुख्य अडचण शिक्षकांना परिचित आहे : वर्गात नेहमी तेच चार हात वर होतात. आंद्रे डेल्बेक व अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडलेले नॉमिनल ग्रुप तंत्र या अडचणीवरचा उपाय ठरते. त्यात प्रत्येकाने प्रथम न बोलता आपले मुद्दे लिहायचे असतात. नंतर एकेकाने क्रमाने एकच मुद्दा सांगायचा, सर्व मुद्दे फळ्यावर आल्यावरच चर्चा करायची आणि शेवटी प्रत्येकाने स्वतंत्रपणे प्राधान्यक्रम द्यायचा. सरपंचाचे मत व शेतमजूर स्त्रीचे मत येथे सारखेच मोजले जाते. सहभागी निरक्षर असल्यास लेखनाऐवजी चित्रे, आणि मतांसाठी चिंचोके किंवा खडे वापरता येतात.

महाराष्ट्रातील ग्रामविकासाच्या कामांत शिवारफेरी व जमिनीवर रांगोळीने काढलेला गावनकाशा ही तंत्रे रूढ आहेत. रॉबर्ट चेंबर्स यांनी प्रसृत केलेल्या सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाशी त्यांचे नाते आहे. नकाशा लोकांनीच काढावा, हा त्यातील कळीचा नियम. खडू अधिकाऱ्याच्या हाती गेला की नकाशा कार्यालयाचा होतो.

महाराष्ट्रातील उदाहरण

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ मध्ये नऊ राज्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे हे पाच जिल्हे निवडण्यात आले. आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे राज्यस्तरीय समन्वयाचे काम होते.

गावातील गटचर्चेत ग्रामस्थ गावपातळीवरील सेवा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा अनुभव इत्यादी बाबींवर आपले मत देत आणि त्यावरून गावाचे आरोग्य प्रगतिपत्रक तयार होई. चांगल्या सेवेस हिरवा, मध्यम सेवेस पिवळा व वाईट सेवेस लाल असे रंग असल्यामुळे ते पत्रक वाचता न येणाऱ्यासही कळे. पुढे जनसुनवाईत हे निष्कर्ष व तक्रारी अधिकाऱ्यांसमोर मांडल्या जात आणि त्यांना तेथेच उत्तर द्यावे लागे. मूल्यमापनाचा अहवाल कपाटात जाण्याची सवय पाहता, या पद्धतीचे वेगळेपण याच टप्प्यात आहे.

गटाची रचना

गट कसा बसवला, यावर निष्कर्षांची विश्वासार्हता अवलंबून असते. वसई-विरार परिसराचे उदाहरण घेतल्यास, येथे सामवेदी, वाडवळी, कोळी व वारली या बोलींबरोबर हिंदी व गुजरातीही बोलल्या जातात. चर्चा केवळ प्रमाण मराठीत चालवली तर वारली पाड्यावरील वृद्धा मान डोलावते आणि ती संमती म्हणून नोंदली जाते. वेळेचेही तसेच आहे. सकाळी अकराची बैठक कार्यालयास सोयीची असली, तरी त्या वेळी मासळी विकणारी कोळीण बाजारात आणि पहाटेची लोकल पकडणारा नोकरदार मुंबईत असतो. अशा बैठकीतून निघालेले ‘नागरिकांचे मत’ हे प्रत्यक्षात घरी असलेल्यांचे मत होय.

मर्यादा

गटचर्चेतून टक्केवारी काढता येत नाही. आठपैकी सहा जणींनी तक्रार केली, म्हणून गावातील ७५ टक्के स्त्रिया असमाधानी आहेत, असे विधान चुकीचे ठरते. घरगुती हिंसा, गर्भपात यांसारखे विषय गटात काढू नयेत. त्यांसाठी स्वतंत्र मुलाखतच योग्य. ज्या कर्मचाऱ्याच्या सेवेचे मूल्यमापन चालू आहे, तो समोर असल्यास प्रसूतीच्या वेळी मागितलेल्या पैशांबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून गावपातळीवरील चर्चा त्याच्या अनुपस्थितीत घेणे इष्ट असते. सुलभकाने स्वतःचे मत देऊ नये, मतभेद असल्यास तेही अहवालात नोंदवावेत आणि उठण्यापूर्वी टिपणे गटाला वाचून दाखवून दुरुस्त्या करून घ्याव्यात.