पंप-प्रोब: उशीर मोजणारे यंत्र

सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे पुन्हा दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. इतका चपळ इलेक्ट्रॉनिक शोधक नाही, म्हणून पंप-प्रोब वर्णपटमापक वेळेऐवजी अंतर मोजतो. लेसरच्या स्पंदाचे दोन भाग होतात. पहिला, पंप, प्रथिनातल्या रंगद्रव्याला उद्दीपित करतो. मागून येणारा प्रोब ते रंगद्रव्य आता कोणता प्रकाश किती शोषते हे तपासतो. प्रोबच्या वाटेतला आरसा 0.15 मायक्रोमीटर मागे सरकवला की प्रकाशाची जायची-यायची वाट 0.3 मायक्रोमीटरने वाढते आणि प्रोब एक फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. रसायनशास्त्रज्ञ नॉरिश आणि पोर्टर यांनी 1949 च्या सुमारास विजेच्या दिव्यांच्या झोतांवर उभारलेली ही युक्ती अहमद झेवैल यांनी लेसरच्या बळावर फेम्टोसेकंदांपर्यंत नेली. त्यासाठी त्यांना 1999 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या यंत्राला सर्रास रेणूंचा कॅमेरा म्हटले जाते, आणि तिथेच दिशाभूल होते. यंत्र देते ते शोषणातल्या फरकाचे आकडे, तेही असंख्य रेणूंची सरासरी काढून. इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेला हा निष्कर्ष संशोधक काढतो. मग त्यावर विश्वास का ठेवायचा? जांभळ्या जिवाणूंचे प्रकाशसंश्लेषी अभिक्रिया केंद्र याचे चांगले उत्तर देते. तिथे इलेक्ट्रॉन सुमारे 3 पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) बॅक्टेरिओफिओफायटिन या रंगद्रव्यावर आणि आणखी सुमारे 200 पिकोसेकंदांत क्विनोन या रेणूवर जातो. मधूनच माघारी फिरायला त्याला कित्येक नॅनोसेकंद, म्हणजे हजारो पिकोसेकंद, लागतात. पुढची वाट इतकी वेगवान असल्यामुळे शोषलेला जवळपास प्रत्येक फोटॉन कामी येतो. या रेणूंची प्रथिनातली जागा स्फटिकरचनेने स्वतंत्रपणे दाखवली. डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना 1988 चे नोबेल त्याच कामासाठी मिळाले. आणखी एक पुरावा थंडीचा. एरवी अभिक्रिया गारठ्यात मंदावतात. इथली पहिली पायरी मात्र 10 केल्विनच्या आसपास दुपटीहून वेगवान होते. म्हणजे या पायरीपुढे ऊर्जेचा अडथळा जवळजवळ नाही, आणि ही व्यवस्था इलेक्ट्रॉनभोवतीच्या प्रथिनाने लावलेली आहे.

यावर आक्षेप असा, की सूर्यप्रकाश लेसरच्या स्पंदांत येत नाही. मग प्रयोगशाळेतले वर्तन निसर्गातले कसे मानावे? वेगांपुरता हा आक्षेप टिकत नाही. उद्दीपित झाल्यानंतर इलेक्ट्रॉन किती वेळात सरकतो, हा त्या प्रथिनाचा गुण आहे. लेसरने रेणूंत एकाच तालात उठवलेल्या स्पंदनांबाबत मात्र तो खरा ठरतो. 2007 मध्ये बर्कलीच्या गटाने हिरव्या गंधक-जिवाणूंच्या प्रथिनात 77 केल्विनला 660 फेम्टोसेकंद टिकलेली स्पंदने नोंदवली आणि प्रकाशसंश्लेषणाला पुंजभौतिकीचा हातभार लागतो, अशी चर्चा जगभर रंगली. पुढे 2017 मध्ये नेहमीच्या तापमानाला, याच जातीच्या उपकरणांनी, इलेक्ट्रॉनिक सुसंगती, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा एकच ताल, 60 फेम्टोसेकंदांच्या आसपासच विरते असे दाखवले गेले. दीर्घ स्पंदने बहुतांशी अणूंच्या कंपनांची होती.

मोजमाप टिकले, अर्थ बदलला. तेव्हा अशा प्रयोगाची बातमी वाचताना वेगाच्या आकड्याने दिपून न जाता दोनच गोष्टी विचाराव्यात: प्रयोग कोणत्या तापमानाला झाला, आणि निष्कर्षाला दुसऱ्या पद्धतीचा दुजोरा आहे का?