टायमिंग बेल्ट तुटल्यास

१९८३ ते २०१४ या काळात उत्पादन झालेल्या मारुती ८०० मोटारीच्या इंजिनात झडपांची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट दातेरी रबरी पट्ट्याने, म्हणजे टायमिंग बेल्टने फिरतो. हा पट्टा तुटताच इंजिन एकाएकी बंद पडते. अशा वेळी वारंवार स्टार्टर मारू नये किंवा गाडी ढकलून सुरू करू नये. कारण काही इंजिनांत उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्ट्या आदळून त्या वाकतात व दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढून न्यावी व झडपा तपासून घ्याव्यात. नवा पट्टा खुणा जुळवूनच बसवावा. उभ्या गाडीतही रबर जीर्ण होते. म्हणून वाहनधारकांनी किलोमीटरबरोबर वर्षेही मोजावीत व पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत पट्टा बदलावा.