पराभवानंतरचे हसू : संघ हरल्यावर 'हास्यसंध्या' का भरवावी?

फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ) येथून एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र नुकतेच आमच्या हाती आले. त्यांच्या परिसरातील तरुणांच्या फुटबॉल संघाला यंदाच्या हंगामात एकही सामना जिंकता आला नाही. आता त्या संघाचेच पाठीराखे एक हास्यसंध्या भरविण्याच्या तयारीत आहेत. हुकलेल्या गोलांच्या नकला, विनोदी बक्षिसे असा बेत आहे. "हरल्याची लाज वाटायची सोडून ही पोरे हसणार, हे योग्य आहे काय?" असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी मात्र एक वाक्य आहे, आणि आम्हांला तेच अधिक महत्त्वाचे वाटले. संघाचा गोलरक्षक हा त्यांचा नातू असून शेवटच्या सामन्यापासून तो मैदानाकडे फिरकलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येणार नाही. म्हणून आपण तो थोडा सविस्तर पाहू या.

ही प्रथा कोठली?

इंग्लंडमधील लहान फुटबॉल क्लबांचे समर्थक हंगामाच्या शेवटी किंवा अधूनमधून असे कार्यक्रम करतात. क्लबाच्या सभागृहात दोन-तीन विनोदवीरांना बोलाविले जाते, तिकिटे लावली जातात आणि जमलेला पैसा क्लबाच्या किंवा गावातील एखाद्या गरजेच्या कामी येतो. यामागे एक कारण आहे. तेथील काही क्लब धनिकांचे नसून समर्थकांच्याच मालकीचे आहेत. एक्झेटर सिटी हा क्लब 2003 साली लीगमधून खाली घसरला आणि आर्थिक संकटात सापडला. त्याच वर्षी समर्थकांच्या न्यासाने त्याचा कारभार हाती घेतला, आणि 2008 साली क्लब पुन्हा लीगमध्ये परतला. ज्यांनी पदरमोड करून क्लब जगविला, त्यांना त्याच्या पराभवावर हसण्याचा अधिकार आपोआप मिळतो. ते परक्याची चेष्टा करीत नसतात. ते आपल्याच घरातील गोष्टीवर हसत असतात.

हसू हरवते तेव्हा

पराभव मनाला लागू द्यावा, त्यातच निष्ठा आहे, असे आपल्याला वाटते. परंतु त्या निष्ठेला मर्यादा राहिली नाही तर काय होते, हे फुटबॉलच्या इतिहासाने दाखविले आहे. 16 जुलै 1950 रोजी रिओच्या माराकाना मैदानावर विश्वविजेतेपदासाठी ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती, पण उरुग्वेने सामना 2-1 असा जिंकला. सारा दोष गोलरक्षक बार्बोसा यांच्या माथी आला आणि 2000 साली मृत्यू येईपर्यंत तो पुसला गेला नाही. आपल्या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, आपण मात्र पन्नास वर्षे भोगत आहोत, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. 1994 च्या विश्वचषकात कोलंबियाचे बचावपटू आंद्रेस एस्कोबार यांच्याकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला. मायदेशी परतल्यावर 2 जुलै रोजी मेडेयीन शहरात त्यांची गोळ्या घालून हत्या करण्यात आली.

ही टोकाची उदाहरणे आहेत, हे आम्ही जाणतो. तथापि एका खेळाडूला सर्वांच्या पराभवाचे ओझे वाहावयास लावण्याची वृत्ती लहान गावातही असते. तेथे ती गोळी झाडत नाही. ती पारावर बसून टोमणे मारते, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तेवढेही पुरते.

सर्वांत वाईट संघाचा अभिमान

आता दुसरी बाजू पाहू या. बर्लिनचा टास्मानिया हा क्लब 1965-66 च्या हंगामात जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळला. 34 सामन्यांत 2 विजय, 4 बरोबरी आणि 28 पराभव अशी त्याची कामगिरी होती. त्याने 15 गोल केले आणि त्याच्यावर 108 झाले. हंगामाच्या आरंभी ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. जानेवारी 1966 मधील एका सामन्याला मात्र अवघे 827 उरले. सलग 31 सामने विजयाविना, हा त्याचा विक्रम. पुढे शाल्के हा नामांकित क्लब सलग 30 सामने विजयाविना राहिला आणि तो विक्रम मोडणार असे दिसू लागले. तेव्हा टास्मानियाच्या मंडळींनी हा विक्रम आमच्याकडेच राहू द्या, असे हसत सांगितले! 9 जानेवारी 2021 रोजी शाल्केने होफेनहाइमला 4-0 असे हरविले आणि विक्रम टास्मानियाकडेच राहिला. 1965-66 ची ती नामुष्की आता त्या क्लबाची ओळख झाली आहे. कोणा एकाला दोषी न धरता सर्वांनी मिळून ती आपली मानली, म्हणूनच हे घडू शकले.

गोव्याचा गोलरक्षक

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथे फुटबॉलचे बीज 1883 साली शिवोली येथे फादर विल्यम लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी रोवले, असे सांगितले जाते. प्रायश्चित्तकाळाच्या उंबरठ्यावर कार्निव्हालमध्ये स्वतःवर हसून घेणाऱ्या या भूमीने फुटबॉलमधील दुःखही पाहिले आहे. 20 डिसेंबर 2015 रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात एफसी गोवा संघ अखेरच्या क्षणांपर्यंत चेन्नईयिनविरुद्ध 2-1 असा पुढे होता. नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी यांच्याकडून स्वयंगोल झाला. पाठोपाठ आणखी एक गोल बसला आणि विजेतेपद हातचे गेले. पुढच्या, 2016 च्या हंगामात गोवा आठ संघांत शेवटचा ठरला.

कट्टीमणी खेळत राहिले. 20 मार्च 2022 रोजी त्याच फातोर्डाच्या मैदानावर ते हैदराबादकडून केरळविरुद्ध अंतिम सामना खेळले. निकाल पेनल्टीवर गेला. त्यांनी तीन फटके अडविले आणि हैदराबाद विजेता ठरला. सन 2015 च्या त्या रात्रीनंतर त्यांनी मैदान सोडले असते, तर हा दिवस उगवलाच नसता.

आपल्या मातीतील रीत

पत्रलेखक महोदयांना आम्ही एक आठवण करून देऊ इच्छितो. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहिले की आपल्याकडे झडत्या म्हटल्या जातात. कापसाचा पडलेला भाव, कर्ज, पुढाऱ्यांची आश्वासने, इतकेच काय, स्वतःची फजितीही त्यांत येते आणि सारा गाव हसतो. पिकाने दगा दिलेल्या वर्षीही झडत्या बंद पडत नाहीत. त्या हसण्याने कर्ज फिटत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पण आपण एकटे बुडालेलो नाही, एवढे त्याला कळते, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेतात जातो. फुटबॉलवाल्या तरुणांची हास्यसंध्या याच रीतीचे नवे रूप आहे, असे आम्हांला वाटते.

मग कसे करावे?

हास्यसंध्या अवश्य व्हावी, मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, विनोद 'आपल्यावर' असावा, 'त्याच्यावर' नसावा. पाठीराख्यांनी आधी स्वतःच्या आरडाओरड्याची नक्कल करावी, मग संघाची. दुसरी, ज्याच्यावर हसायचे त्याला आधी विचारावे आणि उलट उत्तर देण्याची संधी त्यालाही द्यावी. जो हसणाऱ्यांत सामील होऊ शकत नाही, त्याच्यावरचा विनोद ही थट्टा नसून शिक्षा असते. तिसरी, काही वर्गणी जमल्यास ती संघाच्याच कामी लावावी. नवा चेंडू आला की पुढचा हंगाम आहे, हे न सांगता कळते.

राहिला प्रश्न नातवाचा. आजोबांनी त्याला सभेला ओढून नेऊ नये. तरुणांनीच त्याच्या घरी जावे, कार्यक्रमात काय ठेवावे हे त्याला विचारावे आणि त्याने नको म्हटलेली नक्कल वगळावी. त्या संध्याकाळी तो आला आणि एकदा जरी मोकळेपणाने हसला, तर हंगाम अगदीच वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. आजोबांनीही पहिल्या रांगेत बसावे, ही आमची त्यांना नम्र विनंती.