वास्तूतील धूम्रावशेष व त्याचे निराकरण

'वास' या एकाच उच्चाराने मराठीत दोन शब्द वावरतात. निवास या अर्थाचा शब्द संस्कृतातील 'वस्' (राहणे) या धातूकडे, तर गंध या अर्थाचा 'वास्' (सुगंधित करणे) या धातूकडे नेला जातो. मूळ निराळे असले, तरी सिगारेटच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. कारण तिचा वास घरात खरोखरच वस्ती करतो. वस्तूंवर मागे उरणाऱ्या या द्रव्यास येथे 'धूम्रावशेष' असे म्हटले आहे.

जळगाव वा धुळे येथे नोकरीच्या निमित्ताने येणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवीन नाही. भाड्याच्या घरात पूर्वीचा रहिवासी धूम्रपान करीत असला, तर दारे-खिडक्या उघडून व उदबत्ती लावून वास गेलासा वाटतो. परंतु चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे गेला आणि दुपारी घर बंद राहिले, की तो पुन्हा जाणवू लागतो. याचे कारण असे की, वासाचे मूळ हवेत नसून पृष्ठभागांवर असते. धुरातील निकोटीन व डांबरासारखी चिकट द्रव्ये भिंती, पडदे, गाद्या आणि धूळ यांवर बसतात व उष्णतेने त्यांतील बाष्पनशील अंश पुन्हा हवेत येतो. उदबत्तीने त्यांत आणखी एका धुराची भर पडते, इतकेच.

हा प्रश्न केवळ नाकाच्या तक्रारीचा नाही. पृष्ठभागावरील निकोटीनचा हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइने तयार होतात, असे अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. गॅसची शेगडी हे त्या आम्लाचे एक घरगुती उगमस्थान होय. जमिनीवर रांगणारे व हात तोंडात घालणारे मूल या अवशेषाच्या सर्वाधिक संपर्कात येते.

निराकरणाचा विचार करताना निकोटीन हे अल्कधर्मी द्रव्य आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. आम्लाच्या संयोगाने त्याचे पाण्यात विरघळणारे, न उडणारे लवण होते. उलट चुन्यासारख्या तीव्र अल्कामुळे ते मोकळे होते. तंबाखू मळताना तळहातावर चुना घेतात, त्यामागील रसायन हेच. म्हणूनच जुन्या थरावर नुसता चुन्याचा हात फिरविणे हा उपाय नव्हे. चुन्याच्या भिंतीवर व्हिनेगरही निरुपयोगी, कारण चुनाच त्याला निष्प्रभ करतो. तेथे जुना थर खरवडून, धूळ बाहेर टाकून, मगच नवा चुना द्यावा.

तेलरंगाच्या भिंती, दारे, काचा व पंख्याची पाती प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने पुसून चिकट थर काढावा. नंतर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसून पुन्हा स्वच्छ पाण्याचा हात द्यावा. भिंत पूर्ण वाळल्यावरच अस्तर व रंग लावावा. शहाबादी फरशी चुनखडीचीच असल्याने तिला आम्ल लावू नये. साबण व पाणी पुरेसे आहे. व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. म्हणून ती दोन्ही कदापि मिसळू नयेत.

कापूस निकोटीन सहज धरून ठेवतो. पडदे, चादरी व गोधड्या एकापेक्षा अधिक वेळा धुवाव्यात. गादीची खोळ धुऊन कापूस पिंजून घेता येतो. तरीही वास राहिल्यास कापूस बदलणे श्रेयस्कर. गादीला नुसते ऊन दाखविल्याने काही अंश उडतो, पण डांबर जात नाही. ओझोन सोडणारी यंत्रे टाळावीत. ओझोन व निकोटीन यांच्या संयोगाने अतिसूक्ष्म कण उत्पन्न होतात.

यावरून कामाचा क्रम स्पष्ट होतो : प्रथम धूळ, मग धुणे अथवा खरवडणे, आणि शेवटी रंग. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा असतो. रंग आधी होतो आणि धुणे राहूनच जाते. अर्थात घरात धूम्रपान चालूच राहिले, तर हा सारा खटाटोप व्यर्थ होय. भारतीय दर्शनांत 'वासना' म्हणजे पूर्वानुभवाचा मागे उरलेला संस्कार. भिंतीवरचा संस्कारही झाकल्याने नव्हे, तर काढल्यानेच जातो.