तळ्यावरील हिरवी साय : शेवाळ ओळखावे कसे?

उन्हाळ्यात गावतळ्याचे पाणी आटू लागते, आणि एके सकाळी काठाशी हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसते. गुरे त्याच काठावर पाण्यास येतात. हे शेवाळ कोणते, हा प्रश्न अशा वेळी केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराचे असे पाणी पिऊन जनावरे मेल्याची हकीकत जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केली. उलटपक्षी, भातखाचरातील निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र जमिनीत आणते, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले. तेव्हा सरसकट सर्व शेवाळास शत्रू मानणे योग्य नव्हे.

प्रथम साधी परीक्षा करावी. हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाणी भरावे व रात्रभर न हलविता ठेवावे. निळे-हिरवे शेवाळ बहुधा वर तरंगून कडे धरते. इतर हिरवे शेवाळ बहुधा तळाशी बसते. काठीने उचलता केसांच्या बटेसारखे लोंबणारे शेवाळ बहुधा तंतुमय हिरवे असते. या परीक्षेने केवळ अंदाज येतो.

पुढील काम सूक्ष्मदर्शकाचे. शाळेतील यंत्र चालेल; सुमारे १४० पट मोठे दाखविणारा ‘फोल्डस्कोप’ हा कागदी सूक्ष्मदर्शकही चालेल. स्पायरोगायराच्या तंतूत हिरवी फीत मळसूत्रासारखी फिरलेली दिसते. ॲनाबिना मण्यांच्या माळेसारखे असते व मधूनच एखादा मणी निराळा दिसतो. नत्र स्थिर करण्याचे काम तोच मणी करतो. मायक्रोसिस्टिसमध्ये बारीक कण बुळबुळीत आवरणात गोळा झालेले असतात. हे गुरांच्या दृष्टीने धोक्याचे.

पूर्वी येथून पुढे टी. व्ही. देशिकाचारी यांच्या १९५९ सालच्या ‘सायनोफायटा’ सारखा जाडजूड ग्रंथ उघडावा लागे, आणि तो खेड्यात मिळणे कठीण. आज भ्रमणध्वनीने भिंगातून घेतलेले छायाचित्र ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर ठिकाण व तारखेसह ठेवता येते. देशोदेशीचे जाणकार त्यास नाव सुचवितात, आणि दोन तृतीयांशाहून अधिक मते जुळली म्हणजे ओळख पक्की धरली जाते. मात्र सूक्ष्म शेवाळ जाणणारे थोडेच असल्याने उत्तरास विलंब लागतो. एकच धूसर चित्र पाठविल्यास कोणीही काही सांगू शकणार नाही. पाण्याचा रंग, संपूर्ण वसाहत व जवळून दिसणारी पेशी अशी निदान तीन चित्रे द्यावीत. मिळालेले नाव आयर्लंडमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या ‘अल्गीबेस’ सूचीत पडताळावे, कारण शेवाळाची नावे वारंवार बदलतात. बाजारातील ‘स्पिरुलिना’ शास्त्रीय ग्रंथांतून कधीच आर्थ्रोस्पिरा झाली आहे.

नाव कळले तरी विष आहे की नाही हे कळत नाही. एकाच जातीचे शेवाळ एके ठिकाणी विषारी, तर दुसरीकडे निर्विष असते. तो निर्णय प्रयोगशाळेचाच. तोपर्यंत गुरांना विहिरीचे पाणी पाजावे. घाईने मोरचूद टाकू नये : शेवाळ मरते, पण त्याच्या पेशी फुटून आतील विष पाण्यात मिसळते.