विश्लेषण : मोबाइलच्या पटावर गाविलगड कसा उभारायचा?

दोघे अमरावतीत, एक अकोल्यात आणि चौथा नोकरीसाठी पुण्यात. चौघांना मिळून एकच मोहीम खेळायची असेल तर पट स्क्रीनवर मांडावा लागतो. तयार नकाशे भरपूर मिळतात, पण त्यातले बहुतेक किल्ले युरोपीय धाटणीचे. चिखलदऱ्याचा गाविलगड हवा असेल तर तो स्वतःच बनवावा लागतो. तो कसा बनवायचा आणि गडबड कुठे होते?

हा खेळ काय आहे?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापले पात्र खेळतात आणि निकाल फाशांवर ठरतो. हाच पट रोल-ट्वेंटी, फाउंड्री, आउलबेअर रोडिओ यांसारख्या व्हर्च्युअल टेबलटॉपवर, म्हणजे ‘व्हीटीटी’वर, ऑनलाइन मांडता येतो. नकाशा आणि पात्रांची चित्रे आपण अपलोड करायची.

गाविलगडच का?

कारण इथली लढाई नकाशावरच ठरली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि इंग्रज गाविलगडाकडे वळले. १५ डिसेंबरला ते उत्तरेकडील बाहेरच्या तटाला पाडलेल्या खिंडारातून आत शिरले. पण आत शिरल्यावर समोर खोल घळ आणि पलीकडे दुसरा तट होता. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळ ओलांडून शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला.

प्रस्तुत प्रतिनिधीने पहिल्या प्रयत्नात दोन्ही तट जवळजवळ चिकटवून काढले, घळ राहूनच गेली. खेळ अर्ध्या तासात संपला. खिंडारातून शिरलेला मित्र थेट आतल्या दरवाजावर पोहोचला आणि गड पडला!

म्हणजे नकाशा हे नुसते चित्र नाही?

नाही. चित्राच्या वर आणखी एक थर असतो. फाउंड्रीत तटाच्या रेषा वेगळ्या आखाव्या लागतात. पात्राची नजर आणि चाल त्या रेषेपाशी अडते. दरवाजा ही वेगळी वस्तू असते : बंद, उघडा किंवा कुलूपबंद. रेषांमध्ये बारीक फट राहिली तरी पलीकडचे सगळे आधीच दिसते. म्हणून आधी रेषा तपासा, रंगकाम नंतर.

आकार किती ठेवायचा?

नवशिक्यांची सर्वात मोठी चूक इथेच होते. पटावरचा एक चौकोन साधारण ५ फुटांचा धरतात. त्या हिशेबाने एक किलोमीटर म्हणजे ६५६ चौकोन. चौकोनाला ७० पिक्सेल दिले तर एक बाजू सुमारे ४६ हजार पिक्सेलची होते. फाइल दाबून लहान केली तरी स्क्रीनवर ती उलगडतेच. पिक्सेलला ४ बाइट धरले तर असा चौरस नकाशा ८ जीबीहून जास्त मेमरी मागेल. मोबाइल तिथेच बसतो.

उपाय सोपा आहे. संपूर्ण गड काढू नका. घळ आणि आतला दरवाजा एवढाच भाग घ्या. ४० बाय ३० चौकोनांसाठी २८०० बाय २१०० पिक्सेल पुरतात आणि मेमरी साधारण २४ एमबी लागते. सेव्ह करताना ‘वेबपी’ फॉरमॅट निवडला तर डेटाही कमी जातो.

पात्रे कशी घडवायची?

सपाट पटासाठी गोल टोकन पुरते : २८० बाय २८० पिक्सेल, मागची बाजू पारदर्शक. क्रिटा आणि गिम्प ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. त्रिमितीय मॉडेल हवे असेल तर मोफत मिळणारे ब्लेंडर वापरा. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधले समोरचे आणि बाजूचे दृश्य इथे कामी येते. आधी ही दोन चित्रे काढा, मग त्यावरून आकार उभा करा. मॉडेलचा मूळबिंदू तळपायाशी ठेवा, नाहीतर तोफची जमिनीत कमरेपर्यंत गाडलेला दिसतो. अंगरख्याची बटणे कोरत बसू नका. पटावर ती दिसत नाहीत. पागोटे, ढाल, भाला अशी लांबून ओळखू येणारी खूण ठळक करा.

कायदा काय सांगतो?

उपग्रह नकाशाचा स्क्रीनशॉट उचलून विकायला ठेवू नका. ओपनस्ट्रीटमॅपचा आधार घेता येतो, मात्र श्रेय द्यावे लागते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय देऊन ते वापरता येतात, पण लोगो त्यात येत नाही. गाविलगड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात आहे. त्यामुळे फोटोसाठी परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

सुरुवात कुठून?

चौकटीच्या वहीतून. दोन तट, मधली घळ आणि एक दरवाजा पेन्सिलने काढा. वहीवरच एक डाव खेळून पाहा. घळ ओलांडताना मित्र अडला, तर नकाशा जमला. मगच संगणक सुरू करा.