बाटलीतून निसटणारं विष

ड्रायक्लीनिंगहून आणलेला कोट कपाटात टांगला, की कधी कधी एक गोडसर, उग्र वास दरवळतो. जगभरातल्या ड्रायक्लीनिंगच्या यंत्रांत अनेक दशकं वापरल्या गेलेल्या टेट्राक्लोरोइथिलीनचा वास असाच असतो. तेलकट डाग विरघळवायचा आणि चटकन उडून जायचं, हा या द्रवाचा गुण. हे रसायन नदीत मिसळलं तर तिथल्या शैवालाचं काय होईल, हे तपासायला बसलं की मात्र हाच गुण आड येतो.

शैवाल म्हणजे इथे पाण्याला हिरवी झाक देणारे एकपेशीय जीव. पाणपिसवा ते खातात, पाणपिसवांना मासे खातात. पायाच ढासळला तर वरच्यांची उपासमार ठरलेली. म्हणून रसायनांच्या चाचण्यांत शैवालाला मानाचं स्थान आहे. १९८४ साली स्वीकारलेली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१ क्रमांकाची पद्धत त्यासाठी जगभर वापरतात.

या चाचणीतलं एक नेहमीचं शैवाल म्हणजे राफिडोसेलिस सबकॅपिटाटा. १९५९ साली नॉर्वेतल्या नितेल्वा नदीच्या पाण्यातून ते वेगळं केलं गेलं आणि त्याचे वंशज आजही प्रयोगशाळांत वाढत आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची प्रत्येक पेशी हिरव्या चंद्रकोरीसारखी दिसते.

चाचणी ऐकायला सोपी. पोषक द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार पेशी सोडायच्या, रसायनाच्या किमान पाच वेगवेगळ्या मात्रा द्यायच्या आणि अखंड प्रकाशात ७२ तास वाढू द्यायचं. रसायन न घातलेल्या फ्लास्कमध्ये पेशी किमान सोळापट व्हायला हव्यात. मग ज्या मात्रेला वाढीचा वेग निम्म्यावर येतो, ती शोधायची. हा आकडा जितका लहान, तितकं रसायन जहाल.

पण फ्लास्कला नेहमीसारखा कापसाचा बोळा लावला, तर टेट्राक्लोरोइथिलीन त्यातून सरळ निघून जातं. हवाबंद बूच लावलं तरी भागत नाही. अडीचशे मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये शंभर मिलिलिटर द्रावण असेल, तर साधारण निम्मं रसायन वरच्या हवेत जाऊन बसतं. टोल्युइनचा सुमारे पाव हिस्सा असाच वर जातो. शैवाल छान वाढतं, कागदावर रसायन निरुपद्रवी ठरतं, आणि प्रत्यक्षात पेशींना ठरलेली मात्रा मिळालेलीच नसते.

उपाय एकच: बाटली काठोकाठ भरायची. टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण घट्ट बसवायचं, बाटली उलटी करायची आणि प्रकाशासमोर धरून पाहायची. आत मोहरीएवढाही बुडबुडा दिसता कामा नये.

इथेच दुसरी अडचण उभी राहते. शैवालाला प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड लागतो आणि एरवी तो हवेतून मिळत राहतो. बंद बाटलीतला साठा संपत आला की द्रावणाचा सामू वर चढतो आणि वाढ मंदावते. ती विषामुळे मंदावली की उपासमारीमुळे, हे मग सांगता येत नाही. रसायनाला हवा मिळता कामा नये आणि शैवालाला तर ती हवीच, असा हा तिढा.

तो सोडवताना संशोधकांनी कार्बनची शिदोरी आधीच बांधून दिली. द्रावणात जास्तीचं सोडियम बायकार्बोनेट घालायचं, सामू ताळ्यावर राहावा म्हणून त्यात थोडा कार्बन डायऑक्साइडही मिसळायचा आणि सुरुवातीला पेशी कमीच सोडायच्या, म्हणजे तीन दिवस शिदोरी पुरते. एवढ्या विरळ पेशी मोजायला हरितद्रव्याची प्रकाशात उमटणारी लाल चमक उपयोगी पडते.

तरीही किती रसायन घातलं यावर विसंबून चालत नाही. पाण्यात किती उरलं ते मोजावंच लागतं. मात्रा वीस टक्क्यांहून जास्त ढळली, तर साधारणपणे मोजलेल्या मात्रांचा भूमितीय मध्य धरतात. समजा, पहिल्या दिवशी लिटरमागे दहा मिलिग्रॅम होतं आणि अखेरीस ०.१ उरलं. मध्य येतो एक मिलिग्रॅम. म्हणजे कागदावर दिसत होतं त्याच्या दहापट जहाल!

मोजण्यासाठी झाकण उघडलं की रसायन पुन्हा उडणार. म्हणून प्रत्येक मात्रेच्या जादा बाटल्या भरून ठेवतात. दर चोवीस तासांनी त्यातली एक उघडायची, काचेच्या सिरिंजने तळाजवळचं पाणी घ्यायचं आणि ती बाटली बाद करायची. मुख्य बाटल्यांचं झाकण ७२ तास पुरे होईपर्यंत कुणी हलवत नाही.